डीएफएमईए भरूनही क्लिप का तुटते? डिझाइनमधलं अपयश आधी ओळखायला कसं शिकवावं

प्रश्न थोडक्यात असा: विचारणारे अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला उत्पादन-डिझाइन शिकवतात आणि एका छोट्या उत्पादन-टीमला मार्गदर्शनही करतात. दोन्हीकडे डीएफएमईएची (डिझाइन कुठे, कसं बिघडू शकतं आणि त्याचा परिणाम काय हे तक्त्यात मांडायची पद्धत) दोन दिवसांची कार्यशाळा झाली. तक्ते नीट भरले, आकडे घातले, सह्या झाल्या. तरीही प्रोटोटाइपमध्ये प्लॅस्टिकच्या क्लिपा तुटल्या, कंपनात बोल्ट सैल झाले, आणि आयपी६७ (धूळ आणि पाणी अडवण्याची) चाचणी पास झालेल्या खोक्यात उघड्यावर पाणी शिरलं. आता चेकलिस्ट वाढवावी की थिअरी पुन्हा शिकवावी? आणि शिकवलेलं लागू पडतंय हे कशावरून ओळखायचं?

चेकलिस्ट वाढवू नका. थिअरीही मुलांना बहुतेक वेळा माहीत असते. कँटिलिव्हरचं (एकाच टोकाला पक्क्या बसवलेल्या पट्टीचं) सूत्र परीक्षेत बरोबर लिहिणारा विद्यार्थी क्लिप काढताना ते वापरत नाही, कारण ती क्लिप म्हणजे कँटिलिव्हर आहे हे त्या क्षणी त्याच्या डोक्यात नसतं. अडचण तिथे आहे. तक्ता माणसाला ‘काय लिहायचं’ ते विचारतो. ‘हे कुठे, कसं आणि किती भारावर तुटेल’ असं आकड्यात सांगायला भाग पाडत नाही. म्हणून माझं उत्तर एकाच सवयीभोवती फिरतं: वस्तू तोडण्याआधी तिचं भाकीत लेखी मागायचं, मग ती खरोखर तोडायची, आणि दोन्हींतला फरक समजावून सांगायला लावायचा. बाकी सगळी साधनं या सवयीच्या मागे येतात.

काही गोष्टी परिस्थितीवर ठरतात, त्या आधीच सांगतो. ज्याच्या बिघाडाने माणूस जखमी होऊ शकतो असं उत्पादन असेल, तर तुमच्या क्षेत्राचे मानक नियम पाळावेच लागतील. इथलं सगळं त्याच्या जोडीला आहे, त्याच्या बदल्यात नाही. वर्षाला पन्नास नग आणि पाच लाख नग यांचं गणितही वेगळं. पन्नास नगांत प्रत्येक बोल्ट हाताने तपासता येतो, पाच लाखांत डिझाइननेच चूक अशक्य करावी लागते. आणि विद्यार्थी आणि टीम यांचा आजार एक नाही. विद्यार्थ्यांना बिघाड कसा दिसतो हेच माहीत नसतं. टीमला बहुधा माहीत असतं, पण ते योग्य वेळी विचारलं जात नाही.

तक्त्यापासूनच सुरुवात करू, कारण तो टाकून द्यायची गरज नाही. फक्त पहिला रकाना बरोबर भरला पाहिजे. ‘फंक्शन’ या रकान्यात ‘झाकण बंद ठेवणे’ असं लिहिलेलं असतं. एवढ्यावरून बिघाड शोधता येत नाही. त्याऐवजी क्रियापद, वस्तू आणि आकडा मागा: ‘१ मीटरवरून कठीण जमिनीवर कुठल्याही बाजूने पडल्यावर झाकण उघडू नये, हाताने २० ते ३० न्यूटनमध्ये उघडावं, ५०० वेळा उघडझाप झाल्यावरही हे दोन्ही टिकावं.’ आता बिघाडाचे प्रकार आपोआप निघतात: अजिबात बंद होत नाही, अर्धवट बंद होतं, प्रमाणाबाहेर घट्ट बसतं, मधूनमधून उघडतं, नको तेव्हा उघडतं, काही महिन्यांनी ढिलं पडतं. हे सहा प्रश्न कुठल्याही फंक्शनला लावता येतात. फंक्शन नीट लिहायला अर्धा दिवस गेला तर जाऊ द्या, तो वेळ पुढे वाचतो.

कारणाच्या रकान्यात दोन वाक्यं सरसकट बाद करा: ‘मटेरियल खराब’ आणि ‘ऑपरेटरची चूक’. डीएफएमईए डिझाइनचा असतो, तेव्हा कारणही डिझाइन करणाऱ्याच्या हातातलं हवं. ‘मुळाशी कोपऱ्याच्या गोलाईची त्रिज्या ०.२ मिमी असल्याने ताण एकवटला’ हे कारण झालं, कारण ते ड्रॉइंगवर बदलता येतं. ऑपरेटरने कनेक्टर उलटा बसवला, तर कारण आहे ‘कनेक्टर उलटा बसू शकतो’.

आकड्यांबद्दल. आरपीएन (जोखमीचा अग्रक्रम ठरवणारा आकडा) म्हणजे तीव्रता, वारंवारता आणि शोध (बिघाड आधी सापडणं किती अवघड) या तिघांचा गुणाकार, प्रत्येक १ ते १०. विद्यार्थ्यांना याचा दोष एकाच उदाहरणात दाखवता येतो: तीव्रता ९, वारंवारता ३, शोध ३ धरले तर ८१, तीव्रता ४, वारंवारता ६, शोध ५ धरले तर १२०. म्हणजे माणूस जखमी करणारा बिघाड मागे पडला आणि किरकिरा आवाज पुढे आला. शिवाय ‘१०० च्या वर असेल तर कृती करा’ असा नियम लावला की सगळे आकडे ९६ आणि ९० वर येऊन थांबतात. २०१९ च्या एआयएजी-व्हीडीए (अमेरिकी आणि जर्मन वाहन-उद्योगांच्या संघटना) हँडबुकने आरपीएन काढून त्या जागी कृतीचा अग्रक्रम आणला, ज्यात तीव्रतेला आधी मान आहे. तुम्ही कुठलीही पद्धत वापरा, पण दोन गोष्टी पक्क्या करून घ्या. चाचणी वाढवली म्हणून तीव्रता कमी होत नाही, त्यासाठी डिझाइनच बदलावं लागतं. आणि ज्यांच्याकडे आधीच्या उत्पादनाचा डेटा नाही, म्हणजे सगळे विद्यार्थी, त्यांनी वारंवारतेचा आकडा भरूच नये. तो कल्पनेतून येतो आणि मग त्याच्यावर उगाच वाद होतो.

आता भाकीत. एक साधा कागद पुरतो, त्यावर पाच ओळी: भाग कुठे तुटेल (चित्रावर फुली मारून), कसा तुटेल (एकाच झटक्यात, थकव्याने म्हणजे पुन्हापुन्हा भार येऊन, हळूहळू वाकून, झिजून), किती भाराला किंवा किती फेऱ्यांनंतर, का (सूत्रासकट), आणि तुटलेली जागा कशी दिसेल. चौघांच्या गटातल्या प्रत्येकाने आधी एकट्याने, न बोलता लिहायचं. दहा मिनिटं पुरतात. आधी चर्चा केली तर वर्गातला हुशार मुलगा किंवा टीममधला सीनियर बोलतो आणि बाकीचे त्याचंच लिहितात. कागद जमा केल्याशिवाय टेस्टिंगला हात लावू द्यायचा नाही. गुण भाकीत बरोबर येण्याला देऊ नका, नाहीतर मुलं इतकी मोघम लिहितील की चूक सापडणारच नाही. गुण द्या आकडा ठोस असण्याला, आणि चुकल्यावर ‘माझं कोणतं गृहीतक खोटं ठरलं’ हे शोधण्याला.

तुमच्या तिन्ही बिघाडांवर हे करून पाहू.

क्लिपपासून सुरू करतो, कारण तिचं गणित सगळ्यात सरळ आहे. एकसारख्या जाडीच्या क्लिपमध्ये मुळाशी येणारा स्ट्रेन (मटेरियल मूळ लांबीच्या किती टक्के ताणलं जातं ते) म्हणजे १.५ गुणिले जाडी गुणिले वाकण्याचं अंतर, भागिले लांबीचा वर्ग. जाडी २ मिमी, लांबी १० मिमी, अडकताना वाकणं १.५ मिमी धरलं तर स्ट्रेन ४.५% येतो. पॉलिकार्बोनेटला एकदाच बसवायच्या जोडाला साधारण ४% चालतो, आणि वारंवार उघडायचा असेल तर त्याच्या ६०%, म्हणजे २.४% च्या आसपास. तेव्हा ही क्लिप कागदावरच गेलेली आहे. इथे विद्यार्थी हमखास एक उपाय सुचवतो: ‘मजबूत मटेरियल घेऊ, ३०% काचतंतूवालं नायलॉन.’ हे त्याला करू द्या, फक्त आधी भाकीत लिहून घ्या. त्या मटेरियलची ताकद जास्त, पण क्लिपला चालणारा स्ट्रेन साधारण २% च. मजबूत मटेरियलची क्लिप आधी तुटते, हे हातात तुकडा आल्यावर जसं पटतं तसं स्लाइड पाहून पटत नाही.

लांबी १५ मिमी केली की तोच स्ट्रेन बरोबर २% होतो, कारण लांबी वर्गात आहे. टोकाकडे जाडी निम्मी होत जाईल असा उतार दिला, तर त्याच लांबीत स्ट्रेन सुमारे ४०% उतरतो. मुळाशी त्रिज्या जाडीच्या निम्म्याच्या आसपास ठेवावी. त्याहून मोठी केल्याने फारसा फायदा नाही आणि तिथे प्लॅस्टिक जाड झाल्याने आकुंचनाचा खड्डा पडतो. सूत्रात न बसणाऱ्या गोष्टीही याच वेळी सांगाव्यात. साच्यात दोन प्रवाह जिथे भेटतात ती जोडरेषा मुळाशी आली तर क्लिप हिशेबाच्या कितीतरी आधी जाते. साच्यातून नुकतंच निघालेलं कोरडं नायलॉन ठिसूळ असतं, ओलावा शोषल्यावर चिवट होतं. त्यामुळे एकच भाग एका दिवशी फेल आणि पुढच्या आठवड्यात पास होऊ शकतो. नमुन्यांची अवस्था भाकिताच्या कागदावर लिहायची सवय इथे लागते. आणि थ्रीडी प्रिंटच्या क्लिपवरून साच्यातल्या क्लिपबद्दल निष्कर्ष काढू देऊ नका. थरांच्या जोडांवर ती भलत्याच कारणाने तुटते.

बोल्ट सैल होणं हा सगळ्यात चुकीचा समजला गेलेला बिघाड आहे. बोल्ट फिरून सैल होतो असं मुलांना वाटतं, म्हणून उपायही फिरण्यावरच येतात: स्प्रिंग वॉशर, डबल नट, ‘अजून जोरात आवळा’. गेरहार्ड युंकर यांनी १९६९ मध्ये दाखवलं की जोड आडवा सरकायला लागला की नट आपणहून उलगडत जातो. म्हणजे खरा प्रश्न असा की जोड सरकला का, आणि त्याचं उत्तर दाबून धरणाऱ्या बलात, प्रीलोडमध्ये आहे. साधा, एका जागी चिरलेला स्प्रिंग वॉशर प्रीलोडच्या मानाने फारच कमी बलाला सपाट होतो. मग तो एक जास्तीचा वॉशर एवढाच उरतो.

प्रीलोड दोन वाटांनी जातो, आणि दोन्ही वाटा वर्गात मोजता येतात. एक, तो मुळात आलाच नाही किंवा जास्त आला. टॉर्क (आवळण्याचा पीळ) म्हणजे नट-गुणांक (घर्षणाचा एकत्रित परिणाम दाखवणारा आकडा) गुणिले व्यास गुणिले प्रीलोड. ८.८ ग्रेडचा एम६ बोल्ट, टॉर्क १० न्यूटन-मीटर. कोरड्या अवस्थेत गुणांक ०.२० धरला तर प्रीलोड सुमारे ८.३ किलोन्यूटन. त्याच आट्यांना तेल लागलं आणि गुणांक ०.१४ झाला, तर ११.९ किलोन्यूटन. या बोल्टचा प्रूफ लोड (कायमचा न लांबता पेलता येणारा भार) सुमारे ११.६ किलोन्यूटन. टॉर्क रेंच तोच, आकडा तोच, पण तेलाच्या एका थेंबाने बोल्ट मर्यादेपलीकडे गेला. लावलेल्या टॉर्कपैकी साधारण दहावा हिस्साच प्रीलोड बनतो, उरलेला घर्षणात जातो. म्हणून घर्षणातला लहान बदल प्रीलोडमध्ये मोठा होऊन दिसतो. ड्रॉइंगवर टॉर्क लिहिताना ‘कोरडं’ की ‘तेल लावून’ हे लिहिलं नसेल तर तो टॉर्क लिहिलाच नाही असं समजावं.

दुसरी वाट जास्त फसवी आहे. दोन पातळ पत्रे, मिळून ४ मिमी जाडी, वरच्याच एम६ ने आवळले. ८.३ किलोन्यूटनला बोल्टचा तो ४ मिमी भाग किती लांबतो? हिशेब करून घ्या: सुमारे ८ मायक्रॉन. पत्र्यावरचा रंग आणि पृष्ठभागाचा खडबडीतपणा मिळून ५ मायक्रॉन दबला तर निम्म्याहून जास्त प्रीलोड गेला, आणि बोल्ट एक अंशही फिरलेला नाही. खाली २१ मिमीची नळी घालून पकडलेली लांबी २५ मिमी केली, तर लांबणं ५० मायक्रॉन होतं आणि त्याच ५ मायक्रॉनने फक्त दहावा भाग जातो. (पत्रा आणि नळीही थोड्या दबतात, तो भाग सोपेपणासाठी सोडलाय, धडा बदलत नाही.) बोल्टच्या डोक्याखाली प्लॅस्टिक असेल तर ते दिवसेंदिवस दबत राहतं, तिथे धातूचं बुश (छोटी नळी) घालणं हाच उपाय. वर्गात दाखवायचं असेल तर दोन सारखे जोड, एकाच्या पत्र्यावर जाड रंगाचा थर, एक उघडा. दोन्ही सारखे आवळा, डोक्यावर आणि पत्र्यावर मिळून एक रेघ मारा, २४ तासांनी पुन्हा टॉर्क तपासा. रेघ जागेवर असते आणि रंगवलेल्या जोडाचा टॉर्क उतरलेला असतो. ‘फिरला म्हणून सैल झाला’ ही समजूत तिथे संपते.

आता पाणी. आयपी६७ पास झालेल्या खोक्यात पाणी जाणं ही चाचणीची चूक नाही, चाचणीने काय विचारलं होतं ते न वाचण्याची चूक आहे. त्यातला ७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं, आणि त्या चाचणीत पाण्याचं व वस्तूचं तापमान जवळपास सारखं ठेवतात. ५ अंशांहून जास्त फरक चालत नाही. उघड्यावर काय होतं? खोकं उन्हात ६० अंशांवर तापतं, आतली हवा फुगून थोडी बाहेर जाते आणि दाब बरोबरीला येतो. मग पाऊस पडतो आणि खोकं २० अंशांवर येतं. केल्विनमध्ये ३३३ वरून २९३, म्हणजे आतला दाब १२% ने उतरला, सुमारे १२ किलोपास्कल. ते सव्वा मीटर पाण्याच्या दाबाइतकं आहे. म्हणजे १ मीटरची चाचणी पास झालेलं खोकं पावसाच्या सरीत त्याहून जास्त ओढीने पाणी आत खेचतं, तेही रोज. ज्या गॅस्केटने (झाकणाच्या सांध्यातल्या रबरी पट्टीने) हवा बाहेर जाऊ दिली तेच पाणी आत घेतं. जास्त घट्ट गॅस्केट हा यावर उपाय नाही. हवा जाऊ देणारं पण पाणी अडवणारं व्हेंट मेम्ब्रेन बसवलं की दाबाचा फरकच राहत नाही. गॅस्केटचं म्हणाल तर ओ-रिंग अशा झाकणात तिच्या जाडीच्या साधारण २० ते २५% दाबली जायला हवी, आणि हे टॉलरन्सच्या (मापात चालणाऱ्या फरकाच्या) दोन्ही टोकांना तपासायचं, फक्त मधल्या आकड्याला नाही. दोन स्क्रूंमधलं अंतर जास्त असेल तर झाकण मधे फुगतं आणि तिथला दाब हिशेबाच्या निम्म्यावर येऊ शकतो. हे पाहायला झाकण आणि गॅस्केटमध्ये दाबाने रंग बदलणारा कागद घालून आवळा आणि उघडून बघा; तो नसेल तर गॅस्केटवर पातळ शाई लावली तरी काम भागतं.

या तिन्हींत समान काय ते पाहा. क्लिपमध्ये वाकणं साच्यातल्या भागावर ठरतं पण ते समोरच्या भागाच्या टॉलरन्सवरही अवलंबून असतं. बोल्टमध्ये रंग दुसऱ्याच विभागाने ठरवला. खोक्यात वातावरण. बिघाड भागाच्या आत कमी आणि दोन भागांच्या सीमेवर जास्त राहतो. म्हणून तक्ता उघडण्याआधी एक चौकटींचं चित्र काढून घ्या: प्रत्येक भाग एक चौकट, आणि चौकटींमधल्या रेषांवर काय जातं ते लिहा. भार जातो का, उष्णता किंवा वीज जाते का, पाणी-हवा-तेल-धूळ जाते का, माहिती जाते का, आणि माणसाचा हात कुठे लागतो. मग वेगवेगळ्या रंगाने पाच प्रकारच्या गडबडी त्या रेषांवर टाका: नगागणिक फरक, काळानुसार बदल, वापरणाऱ्याची तऱ्हा, बाहेरचं वातावरण, शेजारच्या भागाचा परिणाम. डीएफएमईएच्या चांगल्या ओळी या रेषांवरूनच येतात. ज्या रेषेचा मालक कोणीच नाही, तिच्याभोवती जाड गोल काढा.

टॉलरन्सबद्दल एक जरा वेगळं मत. पाच भाग, प्रत्येकी ±०.१ मिमी, टोकाच्या हिशेबाने (सगळे फरक सरळ मिळवून) ±०.५, वर्गमूळ पद्धतीने (वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ) ±०.२२. विद्यार्थी दुसरी पद्धत शिकला की तीच वापरतो, कारण उत्तर गोड येतं. पण ती धरून चालते की प्रत्येक भागाचा सरासरी आकार ड्रॉइंगच्या बरोबर मध्यावर आहे आणि भाग एकमेकांपासून स्वतंत्र आहेत. एकाच साच्यातून निघालेल्या भागांत दोन्ही खोटं असू शकतं: साचा एका बाजूला सरकलेला असला की सगळेच भाग त्या बाजूला. प्रत्यक्ष मोजमापं हातात येईपर्यंत टोकाचा हिशेब करा. आणि तापमान विसरू नका. ३०० मिमीचं एबीएस प्लॅस्टिकचं झाकण ॲल्युमिनियमच्या खोक्यावर असेल आणि तापमान ५० अंशांनी वाढलं, तर झाकण सुमारे १.२ मिमी वाढतं, खोकं ०.३५ मिमी. दोन टोकांच्या गोल भोकांत घट्ट बसवलेलं झाकण मग कमान धरतं. एका बाजूला गोल भोक आणि दुसऱ्या बाजूला लांबट खाच, एवढ्याने सुटतं.

चाचणीबद्दल मुलांचा आणि टीमचा, दोघांचाही, एक भ्रम सारखाच असतो: ‘तीन नमुने तपासले, तिन्ही पास.’ फळ्यावर हिशेब करून दाखवा. शून्य बिघाड असताना ९०% खात्रीने सांगता येणारी विश्वासार्हता म्हणजे ०.१ चं नमुन्यांच्या संख्येइतकं मूळ. तीन नमुन्यांना ती ४६% येते. म्हणजे तीन पास नमुने पाहून एवढंच म्हणता येतं की किमान निम्म्याच्या जवळपास नग टिकतील. ९०% विश्वासार्हता ९०% खात्रीने दाखवायला बिघाडाशिवाय २२ नमुने लागतात. तेवढे नसतील, आणि बहुधा नसतातच, तर आहेत ते तीन पास-फेलवर न थांबवता तुटेपर्यंत चालवा. तिघे किती भाराला तुटले, एकाच जागी तुटले का, हे ‘पास’ या शब्दापेक्षा कितीतरी जास्त सांगतं. तिघे तीन वेगळ्या जागी तुटले तर तुमचं डिझाइन अजून समजलेलं नाही.

नमुन्याचा पूर्वेतिहासही विचारायचा. कॉमेट या ब्रिटिश प्रवासी जेट विमानाचं उदाहरण इथे चपखल बसतं. १९५४ मध्ये दोन कॉमेट विमानं हवेत फुटली. विमानाच्या सांगाड्याची थकवा-चाचणी आधी झाली होती आणि तीत तो हजारो फेऱ्या टिकला होता. पण त्याच तुकड्यावर त्याआधी नेहमीच्या दुप्पट दाबाची चाचणी झाली होती. त्या दाबाने ताण एकवटणाऱ्या जागा थोड्या कायमच्या ताणल्या गेल्या, दाब काढल्यावर तिथे उलट ताण उरला, आणि चाचणीचा तुकडा खऱ्या विमानापेक्षा जास्त जगला. एकच नमुना वाचवायला त्याच्यावर दोन चाचण्या करणारी टीम आजही हेच करते.

तुटलेला भाग वाचायला शिकवण्याला बहुतेक अभ्यासक्रमांत जागाच नसते, आणि ते अगदी स्वस्त आहे. पहिला नियम: दोन तुकडे पुन्हा जुळवून बघू नका. सगळ्यांचा हात आधी तिकडेच जातो, आणि त्या घासण्याने पुरावा पुसला जातो. आधी फोटो, मग मोजपट्टीसकट फोटो, मगच साफसफाई. नंतर तिरप्या उजेडात भिंगाखाली पाहायचं. शिंपल्यावरच्या वळ्यांसारख्या रेषा असतील तर थकवा, आणि वळ्यांचा केंद्रबिंदू म्हणजे भेग सुरू झालेली जागा. सपाट, चमकदार आणि बाणासारख्या खुणा असतील तर ठिसूळ तुटणं. बाणाचं टोक भेग सुरू झालेल्या जागेकडे दाखवतं. मान बारीक होऊन तुटलं तर धातू ओढला गेला. प्लॅस्टिक तुटण्याआधी पांढरं पडलं असेल तर ते ताणलं गेलं, अजिबात पांढरं नसेल तर ठिसूळपणाचं, रसायनाचं किंवा उन्हाचं कारण शोधा. भाकिताच्या कागदावरची पाचवी ओळ याचसाठी आहे.

जुन्या अपघातांच्या केस स्टडीबद्दल सावध राहा. शेवट माहीत असलेली गोष्ट ऐकताना सगळेच शहाणे असतात. नाव आणि शेवट झाकून द्या. उदाहरणार्थ, फक्त हे चित्र द्या: छतापासून लोंबणाऱ्या एका लांब सळीवर दोन पूल, एकाखाली एक, प्रत्येकाच्या आडव्या तुळईखाली एक नट. फॅब्रिकेटर म्हणतो, इतक्या लांब सळीला आटे पाडणं जिकिरीचं आहे. वरच्या पुलापर्यंत एक सळी आणि वरच्या पुलाच्या तुळईतून खाली दुसरी अशा दोन करू. दहा मिनिटं द्या. सही करायची की नाही, आणि का, लेखी. बरेच जण सही करतात, कारण एकूण वजन तेच राहतं. मग दोरीवरची दोन माणसं दाखवा: आधी दोघे आपापल्या हाताने दोरी धरून, नंतर खालचा वरच्याच्या पायाला लटकलेला. दोरीला काहीच फरक नाही, वरच्या माणसाच्या हातावर मात्र दुप्पट भार. वरच्या पुलाच्या नटाखालचा जोड म्हणजे तो हात. आता नाव सांगा: कॅन्सस सिटीतलं हयात रीजन्सी हॉटेल, १७ जुलै १९८१, ११४ मृत्यू. मूळ डिझाइनमधला जोडही नियमाच्या सुमारे ६०% भारच पेलू शकत होता, बदलाने तो ३०% वर आला. इथून ‘लहानसा बदल’ या शब्दाकडे पाहण्याची नजर बदलते. टीमसाठी यातून एकच नियम काढा: बदलाच्या कागदावर ‘भाराची वाट बदलली का’ हा प्रश्न, आणि उत्तरात बाणांचं चित्र अनिवार्य. ‘नाही’ हा शब्द एकटा चालणार नाही.

विद्यार्थ्यांसाठी वेळापत्रक. बारा आठवडे असतील तर पहिले दोन फक्त तुटलेल्या वस्तू वाचण्यात घालवा. भंगारात मिळणाऱ्या बिजागऱ्या, चार्जरच्या वायरी, गिअर पुरेसे आहेत. पुढचे चार भाकीत करून तोडण्यात, दर आठवड्याला एक प्रकार. मग तीन आठवडे त्यांच्या स्वतःच्या प्रोजेक्टचं चौकटीचित्र आणि डीएफएमईए, आणि उरलेले सुधारलेलं डिझाइन पुन्हा तोडण्यात. डीएफएमईए सातव्या आठवड्याआधी आणू नका. बिघाड डोळ्यांनी पाहिलेला नसताना भरलेला तक्ता म्हणजे शब्दांचा खेळ. तोडताना डोळ्यांना चष्मा आणि मधे पॉलिकार्बोनेटची आड हवीच. लिथियम बॅटरी, ताणलेल्या मोठ्या स्प्रिंगा आणि दाबाखालच्या हवेच्या टाक्या या यादीत नकोत.

टीमला बारा आठवडे नसतात. तिथे एक बैठक दोन तासांची, पाच ते सात माणसं, आणि एका बैठकीत चित्रावरच्या तीन-चार रेषाच. त्यात दुरुस्ती करणारा आणि साचा बनवणारा हवाच. बाकीचे सांगतात ते अंदाज, हे दोघे सांगतात ते पाहिलेलं. सुरुवात अशी: ‘एक वर्ष झालंय, उत्पादन परत मागवावं लागलंय, का ते लिहा.’ दहा मिनिटं, गप्प बसून. ‘काय बिघडू शकेल?’ असं विचारलं तर माणूस आपल्या डिझाइनचा बचाव करतो. बिघडलंच आहे असं धरलं की कारणं शोधायला लागतो. हे सगळं साच्याची ऑर्डर जाण्याआधी व्हायला हवं. त्यानंतर क्लिपची लांबी १० ची १५ करणं म्हणजे साच्याच्या पोलादात पुन्हा काम, आणि मग टीम कारणं शोधायची सोडून आकडे ९६ वर आणायला लागते. तुमच्या टीमची कार्यशाळा साच्याच्या आधी झाली की नंतर, हे तपासा. माझा अंदाज नंतर असा आहे.

शेवटचा प्रश्न, लागू पडतंय हे कसं कळणार. तक्त्यातल्या ओळी मोजू नका. चाचणीत आणि वापरात प्रत्यक्ष निघालेल्या प्रत्येक बिघाडासमोर तीनपैकी एक खूण करा: यादीत होता आणि उपाय केला होता, यादीत होता पण उपाय झाला नाही, यादीतच नव्हता. तिसऱ्या खुणा जास्त असतील तर शिकवण्यात कमतरता आहे, आणि बहुधा चौकटीचित्रातली एखादी रेषा राहून गेली आहे. दुसऱ्या खुणा जास्त असतील तर कितीही शिकवून उपयोग नाही. तिथे निर्णय कोण घेतो आणि कधी घेतो ते पाहावं लागेल. तुमचे तीन बिघाड आजच या खुणांत घालून बघा, विद्यार्थ्यांचे वेगळे आणि टीमचे वेगळे. पुढची कार्यशाळा कशाची घ्यायची हे त्यावरून ठरवा.